सायकल, मूल आणि शाळेची वाट

(काटेवाडी, तालुका बारामती येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर भाषा, गणित, परिसर अभ्यास यांच्या पंक्तीला सायकल येऊन बसलेली पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. सायकल ही सुट्टीतील गोष्ट. तिचे वर्गात काय काम, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे इतकेच की, आपल्या भागातील मुलाचे, आणि विशेषत: मुलीचे, सातवीनंतरचे शिक्षण चालू राहील की खुंटेल हे पुष्कळदा पाठ्यपुस्तकावर ठरत नसून वाटेवर ठरते. त्या वाटेचा विचार करू लागले म्हणजे सायकलीपाशी यावेच लागते.

आपल्यापैकी जे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले आहेत, त्यांना आपली पहिली सायकल आठवून पाहण्यास मी सांगेन. बहुतेकांची पहिली सायकल स्वत:ची नव्हतीच. ती वडिलांची, चुलत्यांची, नाही तर गावातल्या दुकानातून तासाच्या भाड्याने आणलेली. मुलाच्या मापाची सायकल खेड्यात कोणी पाहिली नव्हती. मोठ्या माणसाच्या त्या उंच, काळ्या सायकलीवर दहा वर्षांचे पोर शिकत असे, आणि त्याचा एक ठरलेला क्रम होता. प्रथम जुना टायर काठीने पिटाळत रस्त्याने पळायचे. मग सायकल हातात धरून नुसती चालवत न्यायची. मग मधल्या नळीखालून एक पाय पलीकडे घालून, अंग वाकडे करून, अर्धे अर्धे पायडल मारायचे. याला मुले ‘हाफ पायडल’ म्हणत. त्यानंतर नळीवर, आणि पाय पुरू लागले की शेवटी सीटवर. हा अभ्यासक्रम कोणत्याही मंडळाने आखला नव्हता. तथापि सोप्याकडून अवघडाकडे जाण्याचे जे तत्त्व आपण अध्यापन विद्यालयात शिकलो, ते त्यात पुरेपूर होते. आणि शिकवणारा कोण? दोन वर्षांनी मोठा असलेला दुसरा मुलगा. तो मागून कॅरियर धरून पळे आणि न सांगता केव्हा तरी हात सोडून देई. पुढच्याला ते कळे तेव्हा तो वीस पावले एकटा गेलेला असे. अध्यापनाचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

येथे ‘मुलगा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. मुली त्या वेळी ओट्यावरून पाहत असत.

आज चित्र पालटले आहे. चार वर्षांच्या बाळालाही बाजूस दोन लहान चाके लावलेली रंगीत सायकल मिळते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ते मूल दहा-बारा वर्षांचे होते तेव्हा ती सायकल माळ्यावर जाते, मोठी घेतली जात नाही, आणि आठवी-नववीत तोच मुलगा वडिलांच्या मोटारसायकलीवर दिसू लागतो. सोळा वर्षांखालील मुलास कोणतेही इंजिनाचे वाहन चालविण्याचा परवाना मिळत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाच्या पालकास पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे पालकांना सभेत सांगावे. सायकलीचे वय हरवले आहे, ते परत आणणे हे आपले काम आहे.

सायकलीचा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे, पण मी तो येथे विस्ताराने सांगत नाही. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी पायाने जमीन रेटत चालवायचे लाकडी दुचाकी यंत्र केले. पायडल पुढे १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये आले. आणि १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारखी चाके व मागच्या चाकाला साखळी असलेली जी सायकल बनवली, तीच आजवर थोड्याफार फरकाने चालू आहे. यातील एक गोष्ट मात्र मुलांना अवश्य सांगावी. हवा भरलेली धाव व्यवहारात आणली ती बेलफास्ट येथील जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने, आणि ती आणली आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी. भरीव रबराच्या धावेमुळे दगडी रस्त्यावर पोराला हिसके बसत होते. १८८८ मध्ये त्याचे पेटंट झाले. आज मालमोटारीपासून ट्रॅक्टरपर्यंत सारे हवेवर चालतात, त्याचे मूळ एका मुलाच्या खेळण्यात आहे.

आपल्या भागात सायकल आली ती खेळणे म्हणून नव्हे, कष्टाची सोबतीण म्हणून. दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या, मागे घासाचा भारा, पुढे हँडलला पिशवी. पोस्टमन, कंपाउंडर आणि आपण गुरुजी मंडळी यांचीही ती ओळख होती. लग्नात घड्याळ, रेडिओ आणि सायकल ही जावयाची मागणी असे. नीट पाहिले तर यात एक मोठी विसंगती आहे. दुसऱ्याच्या मुलाला सायकल देण्यासाठी ज्या बापाने कर्ज काढले, त्याला आपल्या मुलीला शाळेत जाण्यासाठी तीच सायकल चार वर्षे आधी घ्यावीशी वाटली नाही. त्यात त्या एकट्याचा दोष नाही. चालच तशी होती. पण आज ती चाल ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

आता परदेशांकडे वळू. सायकलीचे नाव निघाले की हॉलंडचे नाव निघतेच. महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाहूनही लहान असा हा देश. लोकवस्ती सुमारे एक कोटी ऐंशी लाख, आणि सायकली सुमारे दोन कोटी तीस लाख. म्हणजे माणसांपेक्षा सायकली अधिक. तेथे मूल एकटे सायकलीवर शाळेत जाते, न्यायाधीश सायकलीवर न्यायालयात जातो. आपण हे ऐकतो आणि म्हणतो, देश सपाट आहे, हवा थंड आहे, लोकांना आवड आहे. आपले तसे कोठे? हे स्पष्टीकरण मला पटत नाही. बारामतीपासून इंदापूरपर्यंतचा मुलूखही बऱ्याच अंशी सपाटच आहे.

खरी हकीकत निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्येही मोटारी भराभर वाढल्या आणि सायकली मागे पडू लागल्या. १९७१ या एका वर्षात तेथे रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा अर्थाचे नाव घेऊन त्यांनी चळवळ उभारली, रस्ते अडवले, मुलांना घेऊन मिरवणुका काढल्या. त्यातच १९७३ साली तेलाची टंचाई आली आणि काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. यानंतरच्या वर्षांत सरकारने व नगरपालिकांनी सायकलींचे वेगळे मार्ग बांधले आणि वस्तीत मोटारींचा वेग कमी केला. म्हणजे आज आपण ज्याला त्या लोकांची आवड म्हणतो, ती मुलांच्या जिवासाठी केलेल्या मागणीतून पुन्हा उभी राहिलेली आहे.

आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. तेथील प्राथमिक शाळा सोडण्याच्या सुमारास, साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी, मुले वाहतुकीची परीक्षा देतात. एक भाग लेखी, दुसरा प्रत्यक्ष सायकलीवर गावातील रस्त्यावरून. कोपऱ्याकोपऱ्यावर पालक व स्वयंसेवक कागद घेऊन उभे असतात. मुलाने मागे वळून पाहिले का, हात दाखवला का, थांबायचे तेथे थांबले का, याची नोंद करतात. आधी सायकलीचीच तपासणी होते: ब्रेक लागतो का, दिवा पेटतो का, घंटी वाजते का. ही परीक्षा याच वयात का? कारण पुढची शाळा दूर असते आणि मूल तेथे एकटे जाणार असते. आपल्याकडील सातवीचे वर्षही नेमके असेच आहे.

चीनची गोष्ट उलट दिशेची. तेथे एकेकाळी घड्याळ, शिवणयंत्र, रेडिओ आणि सायकल या चार वस्तू घरात असणे हे संसार थाटल्याचे लक्षण मानले जाई. आपल्या लग्नातील मागणीची आठवण व्हावी असेच हे आहे. सायकल मिळण्यास कुपन लागे. १९८० च्या सुमारास पेकिंगच्या रस्त्यावर सकाळी सायकलींचा पूर लोटत असे. पुढे संपत्ती आली, मोटारी आल्या आणि हा पूर ओसरला. २०१६ च्या सुमारास भाड्याच्या सायकली मोबाइलवर मिळू लागल्या तेव्हा तेथील शहरांत त्या पुन्हा दिसू लागल्या. जपानमध्ये मात्र मोटारी घरोघर असूनही सायकल टिकली, आणि ती आयांनी टिकवली. मूल पुढे, मूल मागे, मध्ये भाजीची टोपली, अशी ती घरगुती सायकल असते. योग्य बनावटीच्या सायकलीवर दोन लहान मुले नेण्यास तेथे २००९ पासून मुभा आहे. डेन्मार्कविषयी असेच पुष्कळ सांगता येईल, पण वेळ मोजका आहे.

आपल्याच राज्यातील पुणे शहर चीनच्या वाटेने गेले. सायकलींचे शहर ही त्याची ख्याती सबंध देशात होती. विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक, कारखान्यातील कामगार, सारे सायकलीवर. नगरपालिकेचा सायकलीला कर आणि त्याचा बिल्ला, रात्री दिवा नसला किंवा डबल सीट बसले तर पोलीस अडवणार. पुढे स्कूटर आली, १९७२ मध्ये लूना आली, आणि ज्याला परवडेल त्याने सायकल सोडली. यात नवल नाही. कष्ट कमी व्हावेत असे कोणाला वाटत नाही? परंतु त्याबरोबर सायकल म्हणजे गरिबी असा जो समज रूढ झाला, तो मला घातक वाटतो. हा समज आपल्या शाळेतील मुलापर्यंत पोचतो. ज्या तरुणांनी मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलीवर निघून जगाची प्रदक्षिणा केली, त्यांची कथा अशा मुलाला सांगावी. सहा पारशी तरुण निघाले; इराण-इराकची वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे करीत आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये परतले. सुमारे ४४,००० मैलांचा हा प्रवास होता. भूगोलाच्या तासाला नकाशावर दोरा लावून ही वाट मुलांकडून काढून घेता येईल.

पण मुलींच्या शिक्षणाच्या दृष्टीने जे प्रयोग झाले ते आपल्याच देशातील दोन प्रांतांत, आणि तेही श्रीमंत प्रांतांत नव्हेत.

पहिला तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्याचा. १९९१ मध्ये तेथे साक्षरता मोहीम सुरू झाली, आणि जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिला सायकलीची जोड दिली. कारण साधे होते. शिकवणाऱ्या व शिकणाऱ्या स्त्रिया दुसऱ्यावर अवलंबून राहिल्या तर वर्ग चालत नाहीत. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतात मजुरी करणाऱ्या हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. बायकांच्या सायकली दुकानांतून संपल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या. शिवाय तीत नळी असते, तिच्यावर मुलाला बसविता येते, हीही सोय होती. आरंभी कुचेष्टा झालीच. पण शेकड्यांनी बायका एकदम रस्त्यावर आल्या की कुचेष्टा करणारा एकटा पडतो.

दुसरा प्रयोग बिहारचा. २००६ पासून तेथे नववीत गेलेल्या मुलीला सायकलीसाठी दोन हजार रुपये मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडाशी तुलना करून त्याची तपासणी केली; त्यांचा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सायकलीमुळे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी घटले. वाढ मुख्यत: दिसली ती ज्या गावापासून माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती तेथे. हा तीनचा आकडा आपण ध्यानात ठेवावा. पश्चिम बंगालने २०१५ पासून नववी ते बारावीच्या मुलामुलींना सायकली दिल्या. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास ठरविलेल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी अशी तरतूद झाली.

आता आपल्या अंगणात येऊ. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीनच्या आत असावी, असा शिक्षण हक्क कायद्याचा दंडक आहे. म्हणजे सातवीपर्यंत वाट आपल्या आवाक्यात आहे. आठवीपासून ती लांबते. आपली गावे एका जागी गोळा झालेली नाहीत. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आला तसे लोक मळ्यात राहू लागले. वस्ती येथे, रस्ता तेथे, शाळा तिसरीकडे. एस. टी.चा मोफत पास मुलींना आहे, ही उत्तम सवलत आहे. परंतु गाडी फाट्यावर थांबते आणि फाट्यापासून वस्ती दोन किलोमीटर उसातून असते. चार-पाच किलोमीटर चालण्यास तासभर लागतो, सायकलीने वीस-पंचवीस मिनिटे. वाचलेल्या अर्ध्या तासात ती मुलगी सकाळचे पाणी भरते आणि तरी पहिल्या तासाला हजर राहते. हा हिशेब पालकांपुढे मांडला तर तो त्यांना पटतो, असा माझा अनुभव आहे.

मग अडचण कोठे? अडचण रस्त्यावर आहे, आणि ती मी झाकून ठेवणार नाही. तुकोबांच्या पालखीपुढे ज्या काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या पडतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते, त्या गावाची वाट पायी चालणाऱ्यांची होती. या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले. रुंद रस्ता हवाच. पण त्याच्याबरोबर वेग येतो आणि मधोमध दुभाजक येतो. पलीकडे जाण्यास लांबचा वळसा पडू लागला की मूल, आणि मोठी माणसेही, उलट्या बाजूने सायकल दामटतात. दुसरे संकट कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, बाहेर आलेली वाढी. वळणावर मागची ट्रॉली पुढच्या चाकोरीने जात नाही, ती आत घेते. शेजारून जाणाऱ्या सायकलीला जागा उरत नाही. आणि सायकल चालवता चालवता एका हाताने ट्रॉलीतील ऊस ओढणे हा आपल्या मुलांचा आवडता पराक्रम. याविषयी नुसते रागावून उपयोग नाही. मैदानावर चुन्याने वळण आखून दोन मुलांनी पुढची ट्रॉली, दोघांनी मागची व्हावे, मध्ये दोर धरावा आणि वळून दाखवावे. आत येणारा दोर मुलांनी एकदा पाहिला म्हणजे शंभर सूचनांचे काम होते.

याच रीतीने पुढील गोष्टी शाळेत करता येतील असे मला वाटते. त्यास वेगळा तास नको. शनिवारची सकाळ पुरे. शाळेस एक जुनी सायकल गावातून मागून घ्यावी. पडून राहिलेल्या पुष्कळ असतात. पाचवीपासून शिकवण्यास आरंभ करावा आणि मुलींची पाळी आधी लावावी, कारण मुले कोठेही शिकतात. सीट खाली घ्यावी, पायडल काढून ठेवावीत आणि दोन्ही पायांनी जमीन रेटत मुलाला तोल सापडू द्यावा. बाजूच्या चाकांपेक्षा ही रीत बरी, आणि ड्राइस यांचे यंत्र असेच होते. तोल आला की पायडल लावावीत. पंक्चर काढणे, चेन चढवणे, ब्रेक आवळणे हे सातवीतील प्रत्येक मुलीस यावे. वाटेत सायकल बिघडली तर कोणाची तरी वाट पाहत उभे राहावे लागेल, ही भीती घरच्यांच्या मनात असते, आणि ती अगदीच निराधार नाही.

गणिताचे शिक्षक विचारतील, आमचा वाटा काय? तर मोठ्या सायकलीचे चाक सुमारे ७१ सेंटिमीटर व्यासाचे असते. म्हणजे एका फेऱ्यात ती जवळपास सव्वादोन मीटर जाते, आणि एका किलोमीटरला साधारण साडेचारशे फेरे होतात. चाकाला चिंधी बांधून घरापासून शाळेपर्यंतचे फेरे मुलांनी मोजावेत. मोठ्या चक्राचे दात किती, मागच्या लहान चक्राचे किती, एका पायडलात चाक किती वेळा फिरते, हे पुस्तकातल्या गुणोत्तराच्या दहा उदाहरणांहून अधिक समजते.

शेवटी खर्चाचा आणि जबाबदारीचा प्रश्न. मूल पडले तर पालक आम्हाला विचारतील, असे काहींनी मला चहाच्या वेळी सांगितले. ते खरे आहे. म्हणून पालकसभेत आधी ठराव करून घ्यावा, शिकवणे मैदानावरच ठेवावे, आणि रस्त्यावरील फेरी सातवीच्या अखेरीस, पालक कोपऱ्यांवर उभे करूनच घ्यावी. सायकलीच्या खर्चासाठी ग्रामपंचायतीकडे शाळा व्यवस्थापन समितीने अर्ज करावा. पण अर्ज करायचा तर आकडे हवेत. यासाठी पुढच्या मेळाव्यास येताना आपण प्रत्येकाने वहीचे एक पान आणावे. त्यावर सातवीतील प्रत्येक मुलीचे नाव, पुढच्या शाळेचे घरापासूनचे अंतर, तिला सायकल येते की नाही, आणि घरात तिच्या वाट्याची सायकल आहे की नाही, एवढे चार रकाने पुरेत. ज्या नावापुढे अंतर तीन किलोमीटरहून अधिक आणि उरलेल्या दोन्ही रकान्यांत ‘नाही’ असेल, त्या नावांपासून आपण सुरुवात करू.